डाव्या हाताची नाडी

१६ नोव्हेंबर १९९१, शनिवार. धुळे

पाऱ्याचं बी.पी. यंत्र आज अखेर भिंतीला ठोकून घेतलं. दोन वर्षांत तीन फुटली. टेबलावरून पडतात आणि पडल्यावर कुणाचाच हात लागलेला नसतो. आता जागा कायमची: तपासणीच्या टेबलाच्या उजवीकडे, झोपलेल्या पेशंटच्या उजव्या दंडाशी. डावीकडे खिडकी आहे, तिथे खिळा बसत नाही. मालतीने विचारलं, "आणि डावा दंड मोजायचा असला तर?" म्हटलं, डावा कशाला, दोन्हीकडे रक्त एकच आहे. हसली. भूल देणाऱ्या डॉक्टरांना शंका फार, त्यात ही बायको.

दाढ दुखतेय. लवंग.

१८ नोव्हें., सोम.

सकाळी साडेदहाला आग्रा रोडवर नरडाण्याच्या अलीकडे जीप उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली. चौघं जखमी आली. तिघांना टाके घालून दुपारी घरी सोडलं. चौथी यमुना, वय सव्वीस, पुढच्या सीटवर ड्रायव्हरशेजारी बसलेली. छाती समोरच्या पत्र्यावर आपटली. माहेरी शिरपूरकडे निघाली होती, मुलीला घरी ठेवून. सोबत सासरे, भिका नाना. त्यांना नुसतं खरचटलंय.

बी.पी. ८४. उजव्या मनगटाची नाडी जेमतेम लागते. पाय गार, जांघेतली नाडीही क्षीण. म्हटलं, आत रक्तस्राव. डाव्या हाताला सलाइन जोरात सोडलं. एक बाटली, दुसरी, तिसरी. तरी ८६. पोटात सुई घालून पाहिली, कोरडी आली. मालती म्हणाली, "ही पांढरी पडलेली नाही. बोलतेय नीट. जीभ ओली आहे." मी ऐकलं आणि सोडून दिलं. प्लीहा फुटली असणार, पोट उघडायचं ठरवून टाकलं. सिस्टर सुमनने ट्रे लावला.

स्ट्रेचर ऑपरेशनच्या खोलीच्या दारात असताना नाना आडवे आले. धोतर, डोक्यावर पांढरी टोपी, टोपीवर रक्ताचा डाग. त्यांनी चादरीतून सुनेचा डावा हात काढला आणि मनगटावर तीन बोटं ठेवून डोळे मिटले. मला वाटलं, निरोप घेताहेत. दोन क्षण थांबलो, मग म्हटलं, "नाना, सोडा आता. वेळ नाही."

डोळे न उघडता म्हणाले, "बाईनी नाडी डावा हातनी दखतस, डाक्टरसाहेब. तुम्ही उजवा धरी ऱ्हायनात. हाई तर भरेल शे. घोडासारखी पयी ऱ्हायनी."

चिडलो. तोंडून काही गेलं नाही एवढंच. पण मालतीने त्यांच्या बोटांशेजारी आपली बोटं ठेवली, आणि तिचा चेहरा मी पाहिला. स्ट्रेचर मागे तपासणीच्या टेबलाशी नेलं, पण भिंतीवरच्या यंत्राची नळी डावीकडे पोचेना. सुमनने कपाटातून जुनं, घड्याळाच्या तबकडीचं यंत्र आणलं.

डावा हात १७२. पुन्हा उजवा, ८४. पुन्हा डावा, १७०.

सलाइन बंद केलं.

तेवढ्यात आमचा एक्स-रेवाला शफीभाई छातीची फिल्म घेऊन आला, ओलीच, चिमट्याला धरून, पाणी ठिबकतंय. खिडकीशी धरली. छातीच्या मधली सावली रुंद, महाधमनीचं बोंड पुसलेलं, श्वासनलिका उजवीकडे ढकललेली. म्हणजे पोट नव्हेच. हृदयातून निघणाऱ्या मोठ्या नळीलाच चीर गेलीय, बाहेरच्या पातळ पापुद्र्याने अजून धरून ठेवलंय. आणि मी त्या नळीत तीन बाटल्या पाणी भरलं.

संध्या. — जळगावला बापूला फोन. (कॉलेजपासूनचा मित्र, फिजिशियन. पिंप्राळ्यात घर बांधतोय, त्यामुळे हल्ली आधी सिमेंटचं बोलतो.) सगळं सांगितलं. त्याने दोन्ही हातांचे आकडे पुन्हा विचारले. मग म्हणाला, "उजव्या हाताची फांदी चुकीच्या जागी असेल." सगळ्यांच्या महाधमनीच्या कमानीवर उजव्या हाताची फांदी पहिली फुटते. हिची शेवटी फुटली असावी, डाव्या हाताच्याही पुढे, आणि तिथून अन्ननलिकेमागून आडवी उजवीकडे गेली असावी. चीर नेमकी या दोन फांद्यांच्या मध्ये. म्हणून चिरेच्या अलीकडे डोकं आणि डावा हात, तिथे १७२. पलीकडे उजवा हात आणि पाय, तिथे ८४.

"पुस्तकात तळटीप असते रे याची," म्हणाला.

मी तळटीपा वाचत नाही हे त्याला एकोणीस वर्षं माहीत आहे.

आधी नाडी मंद कर, मग प्रेशर उतरव, म्हणाला. प्रोप्रॅनोलॉल सुरू. दुखण्याचं इंजेक्शन.

१९ नोव्हें., मंगळ.

डावा १४०. नाडी ८८. लघवी तासाला वीस-पंचवीस, कमी. इथेच सगळा पेच आहे. वरचं प्रेशर उतरवावं तर चिरेपलीकडचं त्याहून खाली जातं आणि मूत्रपिंडं कोरडी पडतात. न उतरवावं तर चीर. मालती दर अर्ध्या तासाला वहीत दोन हातांचे दोन आकडे लिहितेय. सुमनने रकान्यांना नावं दिली: "खरा हात" आणि "खोटा हात". तेच आता सगळ्यांच्या तोंडी.

मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लागला तिसऱ्यांदा. तिथल्या छातीच्या सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. तीन दिवस सांभाळा, स्थिर झाली की पाठवा, म्हणाले. खड्ड्यांतून लगेच आणू नका. मी त्यांना बाटल्यांचं सांगितलं नाही. का, ते माहीत आहे.

नाना व्हरांड्यात बसून असतात. काही विचारत नाहीत. गावात काविळीला पाला देतात, नाडी बघतात, मोडलेलं बोट बांधतात. अशा माणसांवर मी आजवर पुष्कळ तोंडसुख घेतलंय. रोटरीतसुद्धा.

२० नोव्हें., बुध.

डावा १२४, नाडी ७२. लघवी पस्तीस. आज जेवण खाली उतरलं मला.

तिचं मात्र उतरत नाही. सुमनने पातळ भात दिला तर घासाघासाला पाणी. मी विचारलं, छातीच्या मारामुळे होतंय का. नाना म्हणाले, "तिनं हाई पयलेपाईनच शे. लगीन व्हयनं तवयपाईन दखस मी. बठ्ठा जेवी उठतस, तरी हिनं ताट भरेल. घरमा बाया म्हनतस, हिले सासरनं गोड लागत नही."

मग ती बोलली, तोंड भिंतीकडे करून. "माले लहानपणपाईन अशेच शे. घास छातीमा थांबस. पाणी पिऊ तवय उतरस. मी कोणले सांगू?"

सव्वीस वर्षं एक रक्तवाहिनी हिची अन्ननलिका मागून दाबतेय. घरच्यांना वाटतं नखरे आहेत. पाच वर्षं टोमणे खात जेवतेय. मला राग आला, पण कुणावर काढायचा ते सुचेना. मीही काल तिच्या केसपेपरवर "खाण्यास टाळाटाळ" असं लिहिलं होतं. खोडलं.

२१ नोव्हें., गुरु.

सकाळी बेरियम पाजून दोन फिल्म काढल्या. जास्त हलवायचं नाही म्हणून शफीभाईने मशीनच पलंगाशी आणलं. चाकं गंजलेली, अर्धा तास तेल घालत होता. ती पांढरं पाणी प्याली आणि म्हणाली चुना लागतो. शफीभाई म्हणाला, "बहन, मिठाई समझके पी लो, नाम मेरा खराब होगा." पहिल्यांदा हसली.

फिल्मवर स्पष्ट दिसलं. अन्ननलिकेच्या पांढऱ्या पट्ट्यात मागच्या बाजूने तिरकी खाच, डावीकडून वर उजवीकडे चढत गेलेली. बापूला फोनवर सांगितलं तर त्यालाच जास्त आनंद झाला. स्लॅबचं काम सोडून उद्या बघायला येतो म्हणाला. येऊ नको म्हटलं, उद्या ती निघतेय.

दुपारी मुंबईच्या सरांना पत्र लिहायला बसलो. पहिला कागद फाडला. त्यात "सुरुवातीच्या तपासणीत दोन्ही हातांतील फरक लक्षात आला" असं छान लिहून गेलो होतो. दुसऱ्यात लिहिलं, "नातेवाइकांनी लक्षात आणून दिल्यावर." तोही फाडला. तिसऱ्यात जे झालं ते: फक्त उजवा हात मोजला, तीन बाटल्या दिल्या, पोट उघडणार होतो, सासऱ्यांनी डाव्या हाताची नाडी पाहून थांबवलं. मालतीने वाचलं, घडी घातली, पाकिटात टाकलं. म्हणाली, "अक्षर तेवढं बरं काढायचं."

मुख्य धोका पुढेच आहे. या ऑपरेशनमध्ये महाधमनीला चिमटा लावतात तो डाव्या हाताच्या फांदीजवळ, म्हणून सगळीकडे रिवाज असा की प्रेशरची सुई उजव्या मनगटात घालायची. हिच्यात उजवा हात चिमट्याच्या पलीकडे जाणार. आकडा शून्याकडे गेला की भूल देणारा घाबरून औषध, रक्त ओतणार. माझ्यासारखंच. पत्रात लाल शाईने लिहिलंय. पण पत्र फाइलमध्ये राहतं आणि घाई टेबलावर असते, हे मालतीचं म्हणणं.

तेव्हा तिने चिकटपट्टी घेतली आणि उजव्या दंडाला गुंडाळून वर मार्करने इंग्रजीत लिहिलं की या हाताचं प्रेशर खोटं आहे, मोजू नका. सुमनने डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून उजव्यात चढवल्या, म्हणजे मनगट शोधणाऱ्याला डावंच मोकळं सापडेल. डावा हात रिकामा ठेवायला नाना तयार होतील का, ही मला धास्ती. ते म्हणाले, "बांगड्या शेत ना अंगवर? मंग झायं."

यमुनाने पट्टीवर काय लिहिलंय ते विचारलं. सुमनने सांगितलं, खोटा हात. तर ती उठून बसायला लागली, मालतीने धरून निजवली.

"मना हातले खोटा नका म्हनू. याच हातवर भाकरी थापस मी."

सुमनने वहीतला रकाना खोडून "उजवा" केलं.

२२ नोव्हें., शुक्र.

सकाळी सहाला ॲम्ब्युलन्स निघाली. मालती सोबत गेली. पेशंटचा नवरा सुरेशही आहे, शिरपूरच्या जिनिंगमध्ये कामाला, तीन दिवसांत मोजून दहा शब्द बोलला असेल. नानांना जागा नव्हती. मालेगाव, नाशिक, मग कसाऱ्याचा घाट. ड्रायव्हरला सांगितलं, चाळीसच्या वर जायचं नाही. तो म्हणाला, "डॉक्टर, दूध घेऊन जातो तसं नेतो."

ओ.पी.डी.त लक्ष नव्हतं. एका म्हातारीला कानाचं औषध डोळ्याचं म्हणून सांगितलं, सुमनने परत बोलावून घेतलं.

संध्या. पाच. मालतीचा फोन. पोचले. डावा हात १२०. घाटात ओकारी झाली तेव्हा दीडशेवर गेलं होतं, "तेव्हा माझंच दोनशे झालं असेल," म्हणाली.

२४ नोव्हें., रवि.

मालती परत आली, बसने, कंबर धरून. काल जांघेतून नळी सारून महाधमनीचा फोटो काढला. बापूचं सगळं बरोबर. फांदी शेवटची, चीर तिच्या तोंडाला लागूनच, फुगा लिंबाएवढा. मंगळवारी ऑपरेशन. सरांनी सुरेशला स्पष्ट सांगितलंय: न केलं तर कधीही फुटेल. केलं तर चिमटा असेपर्यंत मणक्याचं रक्त बंद, पाय कायमचे जाऊ शकतात. त्यात ही आडवी फांदी वाचेल की बांधून टाकावी लागेल ते उघडल्यावर कळेल. सुरेशने विचारलं, "बांधी टाकी तर हात जाई का?" सर म्हणाले, बहुतेक नाही. आजूबाजूच्या बारक्या वाहिन्यांतून रक्त पोचतं. पण ताकद किती राहील सांगता येत नाही.

सही यमुनाने स्वतः केली. उजव्या हाताने.

२६ नोव्हें., मंगळ.

नाना सकाळपासून आमच्या व्हरांड्यात. गावातून दहाच्या बसने आले, फोन इथे येणार म्हणून. मी आत या म्हटलं तर नको. सुमनने चहा नेऊन दिला, थंड झाला.

मी हर्नियाचं एक ऑपरेशन केलं. बरं झालं. हात कामाला असले की बरं.

दीड वाजता, तीन वाजता, चार वाजता फोनजवळ. एकदा वाजला, तर सिमेंट एजन्सीचा, बापूने माझा नंबर देऊन ठेवलाय. त्या माणसाला मी उगाच झापलं.

साडेपाच. सुरेश. आवाज नीट येत नव्हता. "झायं," एवढंच तीनदा. मग, "पाय हालावं तिनी. दोन्ही."

बाहेर येऊन नानांना सांगितलं. त्यांनी टोपी काढली, मांडीवर ठेवली, परत घातली. मग बस पकडायची म्हणून निघाले. मी फाटकापर्यंत गेलो. बोलायचं होतं ते बोललो नाही. पाय हलवले, या शब्दांनी मी एवढा मोकळा झालो होतो की बाकी काही सुचलंच नाही, असं स्वतःला सांगतोय.

५ डिसें., गुरु.

मुंबईच्या सरांच्या साहाय्यकाचं पत्र. चिरलेला भाग काढून कृत्रिम नळी बसवली. चिमटा एकोणतीस मिनिटं. आडवी फांदी मुळाशीच फाटलेली, जोडण्यासारखी नव्हती, बांधून टाकली. हात गरम आहे, बोटं हलतात, नाडी लागत नाही.

खाली वेगळ्या शाईत: "भूल देणाऱ्यांनी सवयीने उजवं मनगट पुढे ओढलं होतं. तुमची पट्टी आणि बांगड्या पाहून थांबले."

मालतीला वाचून दाखवलं. ती भाजी निवडत होती. म्हणाली, "बांगड्यांची युक्ती सुमनची." खाली जाऊन सुमनला वाचून दाखवलं. तिने पत्र मागून घेतलं, दुपारी तिच्या टेबलाच्या काचेखाली दिसलं.

४ जाने. १९९२, शनि.

यमुना आली. चालत, नवऱ्याच्या मागे चार पावलं. डाव्या कुशीला पाठीपर्यंत व्रण. डावा हात ११८. उजव्याला काहीच लागत नाही. मी मनगट, कोपर, बगल सगळं चाचपलं. हात डाव्यापेक्षा किंचित गार. सुई टोचलेली कळते, मूठ वळते, पण तीस-चाळीस वेळा उघडमीट केली की दंड भरून येतो आणि थांबावं लागतं.

"जेवणाचं काय?"

सुरेश पहिल्यांदा आपणहून बोलला. "आते माना आगोदर उठस जेवीसन."

ती खाली बघून हसत होती. फांदी बांधली तेव्हा अन्ननलिकेवरचा दाबही गेला. सव्वीस वर्षांनी घास सरळ उतरला. मला इतका आनंद झाला की उगाच स्टेथोस्कोप पुसत बसलो.

जाताना दारात थांबली. "भाकरी थापू का?"

बाजरीचं पीठ मळणं, रेटून थापणं, ताटभर भाकरी. हाताला किती रक्त पोचतंय मला माहीत नाही. थोडे दिवस थांब, म्हटलं. किती दिवस, तिने विचारलं. बापूला विचारून सांगतो म्हटलं, म्हणजे माहीत नाही. तिला ते कळलं.

२ फेब्रु., रवि.

नानांचा निरोप आला होता, भरिताला या. मालती आणि मी स्कूटरवर. मळ्यात काट्यांवर वांगी भाजलेली, कळण्याची भाकरी, कांद्याची पात. यमुना सगळ्यांबरोबर पंगतीत बसली आणि आमच्याआधी उठली. एक म्हातारी म्हणाली, "सावकाश खाय वं, कोणी मागे लागेल शे का?" सगळ्या हसल्या. भाकरी मात्र जावेने थापल्या होत्या. यमुना डाव्या हाताने उलटत होती.

जेवण झाल्यावर नाना आणि मी बांधावर. ठरवून गेलो होतो. म्हटलं, "नाना, त्या दिवशी मी चुकलो होतो. तिचं पोट फाडणार होतो. काही नसताना. तुम्ही नाडी बघायला आला नसता तर ती टेबलावरच गेली असती."

ते तंबाखू मळत होते. मळून झाल्यावर बोलले.

"माले ठाऊक शे, साहेब. सिस्टरले इचारं मी, कोठे न्यात शेत? ती बोलनी, पोट उघडाले. म्हनून तर हात धरा मी. नही तर आठे आमनासारखाले आत कोण येऊ देस?"

म्हणजे निरोप नव्हता, रीत पाळणंही नव्हतं. मला थांबवायला ते दारात उभे राहिले होते. आणि अडीच महिने माझ्याकडून हे ऐकायला थांबले असतील, किंवा नसतीलही. विचारलं नाही. त्यांनी तंबाखू पुढे केली. मी खात नाही, घेतली. मळमळलं.

येताना मालतीला सांगितलं. मागच्या सीटवरून म्हणाली, "बरं झालं सांगितलंस." आणि थोड्या वेळाने, "तंबाखू खाल्लीस ना?"

१० फेब्रु., सोम.

सुतार बोलावला. बी.पी.चं यंत्र भिंतीवरून काढलं. खिळ्यांची दोन भोकं राहिलीत, बुजवू का म्हणाला. राहू दे म्हटलं. आता यंत्र चाकांच्या स्टँडवर. आठ दिवसांत फुटेल, सुमनशी पैज.

छातीचा मार असलेल्या प्रत्येकाचे दोन्ही हात मोजायचे, पाटी लावली.

२८ मार्च, शनि.

उन्हाळा लागला. यंत्र अजून फुटलेलं नाही, पैज हरलो.

मुंबईच्या सरांना हाताचं विचारलं होतं, त्यांचं उत्तर आलं. मानेतल्या वाहिनीतून उजव्या हाताला नवीन जोड देता येतो. पण पुन्हा भूल, पुन्हा चीर, गरज पडेलच असं नाही. सहा महिने ते वर्ष थांबा. बारक्या वाहिन्या मोठ्या होऊन हाताची नाडी आपोआप परत येते काहींची. काहींची नाही. कोणाची येईल हे सांगायला काही साधन नाही, असं सरळ लिहिलंय. आवडलं मला.

यमुना दुपारी आली, नाना बरोबर. डावा १२०. मग उजवा हात घेतला. मनगटावर बोटं ठेवून बसलो. पंखा बंद करायला लावला. एकदा वाटलं काहीतरी लागलं, पण ती माझीच नाडी होती बोटातली. पुन्हा ठेवली. काही नाही. आहे. नाही.

यमुना माझ्या तोंडाकडे बघत होती. भाकरीचं विचारलेलं ती विसरलेली नाही.

हात सोडला आणि नानांना म्हटलं, "तुम्ही बघा."

ते म्हणाले, "बाईना उजवा हात दखतस नही."

"माहीत आहे. तरी बघा."

त्यांनी टोपी काढून टेबलावर ठेवली, जमिनीवर तिच्या स्टुलाशी उकिडवे बसले, तीन बोटं ठेवली, डोळे मिटले. सुमन हातातला ट्रे खाली न ठेवता उभी. मालती दारात. बाहेर ओ.पी.डी.त एक मूल रडत होतं, त्याच्या आईने त्याला बाहेर नेलं. मी घड्याळ बघितलं नाही.

बऱ्याच वेळाने यमुनाने हळूच विचारलं, "शे का, नाना?"

नानांनी डोळे उघडले नाहीत. दुसऱ्या हाताने खूण केली, बोलू नको.